आठ बाय चारचा संसार

टिअरड्रॉप कॅम्पर ज्यांनी मोबाइलवर पाहिला आहे, त्यांना ओळख नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मोटारीमागे जोडायचा दोन चाकांचा हा बंद गाडा असतो, पुढून फुगीर आणि मागे उतरत गेलेला. आत दोघांपुरती गादी. मागचे झाकण वर उचलले की तिथे स्वयंपाकाचा ओटा. आत उभे राहता येत नाही. बसता येते, तेही फेटा काढून. असा गाडा घरच्या घरी, हलका आणि स्वस्त, आणि तोही कोल्हापुरात कसा करावा हे नवशिक्यांना सांगण्यासाठी हा लेख आहे. ज्यांना सगळे आधीच माहीत आहे त्यांनी तो वाचू नये. कोल्हापुरात अशांची संख्या पाहता वाचक मोजकेच मिळतील, याची कल्पना संपादकांना दिली आहे.

आधी कूळ. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी १९३०च्या दशकात हे गाडे घरी जुळवायला सुरुवात केली. १९४७ साली, इकडे आपण झेंडावंदनात होतो तेव्हा, तिकडे ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ नावाच्या मासिकाने त्याचा आराखडा छापला आणि परसातल्या करवती जोरात सुरू झाल्या. महायुद्धातून उरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि जीपची चाके हाताशी होतीच. माप ठरले चार फूट रुंद, आठ फूट लांब आणि साधारण चार फूट उंच. या मापामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. प्लायवूडचा शीट आठ बाय चारचा येतो, एवढेच कारण. तोच शीट आपल्याकडच्या दुकानातही आठ बाय चारचाच मिळतो, त्यामुळे अमेरिकन जोडप्याचा संसार कोल्हापुरात मापाला तरी बसतो. बाकी कुठे बसत नाही, ते पुढे येईलच.

हे आपल्याला जमेल का, असा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात जुळवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यानंतर कोल्हापूरकराला चार बाय आठच्या खोक्याचे काय कौतुक!

कागद

हा भाग लोक शेवटी वाचतात, म्हणून आधी घातला आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८. कलम २च्या २८व्या पोटकलमात मोटार वाहनाची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. म्हणजे तुमच्या गाड्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, हॉर्नसुद्धा नाही, तरी कायद्याच्या लेखी तो मोटार आहे. सार्वजनिक रस्त्यावर आणायचा तर कलम ३९ प्रमाणे नोंदणी लागते. नोंदणीसाठी नमुना मान्य झालेला लागतो. नमुना तपासणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी या दोन पुण्यात आहेत. ही व्यवस्था एक नमुना पास करून हजार ट्रेलर विकणाऱ्या कारखानदारासाठी केलेली आहे. तुमचा नमुना आणि तुमचे उत्पादन हे एकच आहे. २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्याची बातमी वाचून बऱ्याच जणांनी परसात जागा मोकळी केली. पण ते धोरण पर्यटकांसाठीच्या नोंदणीकृत गाड्या आणि त्या उभ्या करायच्या जागा यांच्यासाठी आहे. परसात जिगसॉ घेऊन बसलेल्या माणसाचा त्यात विचार नाही.

मोटारीचेही बघा. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध वाहनात बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितले आहे. तेव्हा हूक बसवण्याआधी मोटारीबरोबर आलेले पुस्तक उघडा. बहुतेकांनी ते अजून प्लास्टिकमधून काढलेले नसते. ओढायला परवानगी असेल तर किती किलोची, ते त्यात लिहिलेले असते. ‘ओढू नका’ असे लिहिले असेल तर तेही वाचा.

यातून सरळ वाटा दोनच. पहिली म्हणजे आरटीओत आधी विचारून, कागदांसह मिळणारी ट्रेलरची चॅसिस विकत घ्यायची आणि वरच्या खोक्याचे काय करता येईल ते तिथेच ठरवून घ्यायचे. दुसरी म्हणजे गाडा आपल्या मळ्याबाहेर काढायचाच नाही. दुसरी वाट हास्यास्पद वाटत असेल तर लेख शेवटपर्यंत वाचा.

उद्यमनगर

शिवाजी उद्यमनगरात सकाळी दहानंतर जा. त्याआधी शटर उघडलेले असते, पण माणूस चहाला गेलेला असतो. खंडेनवमीला मात्र मुळीच जाऊ नका. त्या दिवशी वेल्डिंग मशीनला हार असतो आणि तुमच्या अर्धवट फ्रेमवरही झेंडूची माळ चढवून ती बाजूला ठेवलेली असते.

संवाद साधारण असा होतो.

“काय करायचंय?”

“ट्रेलर.”

“किती टनाचा?”

“तीनशे किलोचा.”

“मग हातगाडी म्हणा की राव.”

इथे डगमगू नका. या मिस्त्रीने आजवर ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या बांधल्या आहेत, आणि त्या दहा टन ऊस अंगावर घेऊन शेताच्या बांधावरून चढतात-उतरतात. त्याच्या लेखी लोखंड म्हणजे चॅनेल, तोही शंभराचा, ज्याचे वजन मीटरला नऊ किलोच्या वर जाते. तुम्हाला हवा आहे पन्नास बाय पन्नासचा, तीन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, मीटरला साडेचार किलोच्या आतला. चौकट, आडवे तुकडे आणि पुढची दांडी धरून चौदा मीटर पाइप लागतो. पाइपाची फ्रेम त्रेसष्ट किलोच्या आत बसते, चॅनेलची एकशेतीसच्या आसपास जाते. मिस्त्री म्हणेल, “तुटंल ओ, शंभराचं टाकूया.” त्याच्या काळजीत खोट नाही, पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. लोखंड किलोवर मिळते आणि फॅब्रिकेशनची मजुरीही किलोवरच लागते. गाडा हलका झाला तर कुणाचे नुकसान, हे त्याला तुमच्याआधी कळलेले असते. म्हणून कामाचे उक्ते ठरवा. उक्ते ठरले की पन्नासचा पाइपही त्याला पुरेसा दणकट वाटू लागतो.

फ्रेम फरशीवर मांडून आधी नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे ठिपके, मारायला सांगा आणि टेप काढा. आठ बाय चारची चौकट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखेच येतात: आठ फूट अकरा इंच आणि वर अडीच सूत. एक कर्ण जास्त आला तर त्या कोपऱ्यावर हातोडीचा ठोका द्या आणि पुन्हा मोजा. हे टॅकवर आहे तोवरच शक्य असते. पूर्ण वेल्ड एका बाजूने सलग मारत नेला तर तापलेले लोखंड चौकट ओढते, म्हणून समोरासमोरचे सांधे आलटून पालटून मारायचे. मिस्त्रीला हे ठाऊक असते. पण तुम्ही टेप घेऊन शेजारी उभे राहिलात तर आठवणीत राहते.

चाके अल्टोची घ्या, १४५/८० आर १२. भंगारात हवी तेवढी मिळतात, हबसकट. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बाबतीत मात्र मोहात पडू नका. टेंपोचे पाटे स्वस्तात मिळतात, दणकटही असतात, पण तीनशे किलोचा गाडा त्यांना अंगावर बसल्याचे कळतसुद्धा नाही. पाटे वाकत नाहीत, मग खड्डा आला की गाडाच उडतो, आणि आतली भांडीही. पाट्यांची पाने कमी करून घ्या.

एक्सल मधोमध बसवू नका, जरा मागे घ्या. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकावर आला पाहिजे. तीनशे किलोच्या गाड्याला हा भार तीस-पंचेचाळीस किलो, म्हणजे हुकावर गुळाचा एक जुना तीस किलोचा रवा ठेवल्यासारखा. दांडी वजनकाट्यावर टेकवून हे घरी मोजता येते. भार कमी पडला तर वेग वाढला की गाडा डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो आणि मोटारीलाही आपल्याबरोबर नाचवतो. हायवेवर हे पहिल्यांदा कळू नये.

लाकूडकाम

दोन शीट एकावर एक ठेवून क्लॅम्प लावा आणि दोन्ही बाजू एकदमच कापा, म्हणजे चुकल्या तरी सारख्या चुकतील. वळण काढायला प्लायवर खिळे ठोका, त्यांच्या कडेने लाकडाची पातळ पट्टी वाकवा आणि पट्टीच्या काठाने पेन्सिल फिरवा. फुगीर बाजू पुढे, निमुळती मागे. गल्लीतले प्रत्येक जण थांबून सांगेल की उलटे झाले, टोक पुढे पाहिजे, वारा कापायला. ऐकून घ्या, हो म्हणा आणि कापा.

सुतार अठरा मिलिमीटरचा प्लाय घ्यायला सांगेल. त्याचा शीट पस्तीस किलोच्या आसपास भरतो, बाराचा तेवीसच्या आसपास. बाजूंना बारा पुरतो. छताला आडव्या पट्ट्यांवर चार मिलिमीटरचा प्लाय वाकवून बसवायचा, मध्ये इंचभर थर्माकोल, वर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. सनमायका लावू नका. लावा असे घरचे म्हणतील, कारण कपाटाचा उरलेला असतो.

खरे काम कडांचे आहे. प्लायच्या पृष्ठभागावर कितीही पॉलिश करा, पाणी शिरते ते कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून. प्रत्येक कड रेझिन पाजून बंद करा, प्रत्येक स्क्रू सिलिकॉनमध्ये बुडवून फिरवा. मागच्या झाकणाची पट्टी बिजागरी सर्वांत आधी गळते. तिच्यावर रबराची पट्टी अशी लावा की पाणी बिजागरीपर्यंत पोहोचण्याआधी बाजूला वळेल. ही परीक्षा गगनबावड्याच्या पावसात घेण्यात शहाणपण नाही. बोअरच्या पाइपाने गाड्यावर अर्धा तास पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन कोरड्या अंगाने बसा. बाहेर पाइप धरायला मेव्हण्याला बोलवा, तो दया दाखवत नाही.

हवेची जाळी विसरू नका. दोन माणसे बंद खोक्यात रात्रभर श्वास घेतात तेव्हा पहाटे छतातून पाणी टपकते, ते पावसाचे नसते. शेगडी, कोळसा, गॅस यांतले काहीही आत पेटवायचे नाही, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. या वाक्यात विनोद नाही.

ओटा

अमेरिकन आराखड्यात मागच्या झाकणाखाली दीड फूट खोल ओटा आहे, त्यावर एक बर्नर, एक तवा आणि कॉफीची किटली. सकाळी अंडे, संध्याकाळी डब्यातले काहीतरी गरम करून. इथे आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो. तांबडा रस्सा एका पातेल्यात, पांढरा दुसऱ्यात, सुके तिसऱ्यात, भाकरीला तवा वेगळा. एका बर्नरवर हे क्रमाने करायचे तर पहिला पदार्थ थंड झाल्यावर चौथा होतो. दोन बर्नर लावले तर मसाल्याच्या डब्याला जागा राहत नाही. शिवाय दोघांपुरते मटण हा प्रकारच आपल्याकडे नाही. मटण घेतले की किलोच्या खाली कुणी घेत नाही आणि किलो घेतले की कुणाला तरी हाक मारावीच लागते.

त्यातून वजनाचा तोल जातो. हंडी, पाण्याचा कॅन आणि पाच किलोचे सिलिंडर मागे ठेवले की हुकावरचा गुळाचा रवा नाहीसा होतो. पाणी पुढच्या दांडीवर न्या. हंडी मोटारीच्या डिकीत. मग डिकीतले सामान गाड्यात, गादीवर. झोपताना ते सामान बाहेर. या व्यवस्थेला आराखड्यात नाव नाही.

दोघे

घरी विषय काढायची वेळ नीट निवडा. उत्तर बहुधा असे येते: “मी न्हाई झोपणार त्यात. रात्री उठून बसलो तर डोकं आपटणार माझं. आणि साडी कुठं नेसायची, रस्त्यावर?” प्रश्न रास्त आहे. चार फूट उंचीत पदर घेता येतो, निऱ्या घालता येत नाहीत. प्रवासात ड्रेस घाला म्हणून सुचवून बघा, पण आईसमोर सुचवू नका.

त्याहून मोठी अडचण बाकीच्यांची. गाडा फक्त दोघांसाठी आहे ही बातमी गल्लीत कळली की सहानुभूतीने चौकशी होते. काही बिनसलंय काय? घरच्यांशी वाद झालाय काय? पन्हाळ्यावर एक रात्र एकांतात काढायची म्हणून गुपचूप निघालात तरी वाघबिळाच्या आधीच तालमीतल्या कोणाचा तरी फोन येतो की आम्हीही निघालोय, किलोभर जास्त घे.

चाकांवर संसार घेऊन निघणे आपल्याला नवे नाही. नवे आहे ते दोघांनीच निघणे. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातून सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला एसटीच्या गाड्याच्या गाड्या भरून जातात. टेंपोत स्टोव्ह, परात, पीठ, लाकूडफाटा, अंथरुणे, वर म्हातारी माणसे. डोंगरावर तळ पडतो, नैवेद्य होतो, आणि कुणालाही आराखडा लागत नाही. सामान बांधायचे शिक्षण घ्यायचे तर त्यांच्याकडून घ्या.

किंवा दिवाळीच्या आसपास बीडकडून येणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघा. एका ट्रॉलीत ऊसतोडीच्या टोळीतली तीन-चार कुटुंबे. तळाला ज्वारीची पोती, त्यावर पत्र्याच्या पेट्या, पेट्यांवर गोधड्या, गोधड्यांवर मुले. कडेला बांधलेली शेळी, टोपलीखाली कोंबड्या, मागच्या फळीला लटकवलेली घागर. टिनाची आणि प्लास्टिकच्या कागदाची गुंडाळी सगळ्यांत वर, कारण उतरल्यावर पहिल्यांदा तीच लागते. कारखान्याच्या हद्दीत रिकाम्या रानात तासा-दोन तासांत कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहते, आठ बाय चारपेक्षा फार मोठी नसते, आणि तिच्यात मार्चपर्यंत चार-पाच माणसे राहतात. पहाटे उठून फडावर जातात. त्यांचा फोटो काढून कुणी ‘हलके राहा’ असे खाली लिहीत नाही. आपण रेझिनचा कोणता ब्रँड चांगला यावर महिनाभर चर्चा करतो, तेव्हा हे आठवले तर बरे.

उलटा घेणे

गाडा डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि वळायला लागला की लगेच उलट. गाडा जेवढा आखूड तेवढा तो लवकर दुमडतो, त्यामुळे तुमचा हा छोटा गाडा उसाच्या लांबलचक ट्रॉलीपेक्षा जास्त छळतो. शिकवणी हवी असेल तर हंगामात कोणत्याही साखर कारखान्याच्या वजनकाट्याशी उभे राहा. तिथले पोरगे मोबाइल खांद्याला लावून ट्रॉली मागे घेते. त्याला विचारले तर म्हणेल, “बघायचं नाही, घ्यायची.” ही पद्धत नवशिक्यांनी वापरू नये.

हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या लावा, म्हणजे हूक सुटला तरी दांडी रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत राहील. दिवे, ब्रेक आणि इंडिकेटरच्या वायरी नीट क्लिपने बांधा. मागे रिफ्लेक्टर लावायला आळस करू नका. रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्यांनी किती घरे बसवली, हे या भागात कुणाला सांगायला नको.

वापर

आता गाडा तयार आहे. गळत नाही, कर्ण बरोबर आहे, वजन तीनशेच्या आत आहे. नोंदणी झालेली नाही, बायको येणार नाही, आणि मित्र आले तर मावणार नाहीत. इथे बरेच नवशिके खचतात आणि गाडा विकायला काढतात. घाई करू नका. कागदांच्या भागात सांगितलेली दुसरी वाट आता उघडते.

चाके काढा, गाडा टेंपोत चढवा आणि मळ्यात नेऊन उतरवा. होय, ट्रेलर टेंपोत घालून न्यायचा. उद्यमनगरातून जाताना मिस्त्री हात जोडेल, तिकडे लक्ष देऊ नका. शेतीपंपाची लाइट आठवड्याच्या पाळीने येते आणि रात्रीची पाळी आली की उसाला पाणी रात्रीच पाजावे लागते. मोटर सुरू करायची, वाकोरी फोडायची, दुसरी बांधायची, मध्ये दोन तास बांधावर पोत्यावर पडायचे. खाली विंचू-साप, वर दव, आणि आता बिबट्याच्या बातम्या. या माणसाला काय लागते? एकट्यापुरती जागा, जमिनीपासून वर, दार लावता येणारे, डोक्यावर गळत नाही असे छत, एक बर्नर, चहाचे भांडे. उभे राहायची त्याला गरज नाही, कारण उभे राहायचे असते तेव्हा तो वाकोरीत असतो. अमेरिकन आराखड्यातली एकही गोष्ट बदलावी लागत नाही.

गाडा मोटरच्या पेटीपासून जरा लांब, पाट फुटला तरी पाणी येणार नाही अशा उंचवट्यावर लावा. चाके परत बसवून त्यांना दोन्हीकडून दगड द्या आणि चारही कोपऱ्यांखाली जॅक किंवा विटा लावा, नाहीतर कुशीवर वळले की गाडा डोलतो. दार मोटरच्या दिशेला ठेवा, लाइट गेलेली आतून कळली पाहिजे. वडिलांना किल्ली द्या. पहिल्या रात्री ते म्हणतील की असल्या खोक्यात मी झोपणार नाही. दुसऱ्या पाळीला किल्ली परत मागायला गेलात तर मिळणार नाही, तेव्हा स्वतःसाठी दुसरा गाडा करायचा असेल तर प्लायच्या दुकानात बाराचे दोन शीट आधीच सांगून ठेवा.